चुंबळ

दुपारचं जेवण तसंच ठेवून मी ऑफिसच्या टेक्युशेत, म्हणजे चहा-कॉफीच्या खोलीत, येरझारा घालत होते. व्हिडिओ कॉलवर माझी क्रांती रडत होती, टांझानियातल्या एका खेड्यातून. "आई, मला घरी यायचंय," ती जर्मनमध्ये म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं, तोंडातून मात्र जर्मनच येतं.

हेच ऐकायला मी महिनाभर कान लावून बसले होते. शाळा संपल्यावर पोरीनं इथेच जर्मनीत, गार्चिंगला शिकावं असं माझं म्हणणं. तिनं घेतला फ्रायविलिगेनडीन्स्ट, म्हणजे वर्षभर परक्या देशात फुकट राबायचं. देवानंद, माझा नवरा, म्हणाला, "जाऊ दे गं, हौस आहे तिला." हौस म्हणे.

तिथले किस्से ऐकून आम्ही पोट धरून हसायचो. ती जर्मनीची आहे हे गावात कुणालाच पटत नाही. बाजाराच्या गावात दुकानं गुजराती लोकांची, त्यामुळे जो तो विचारतो, "तुझं दुकान कुठंय?" एका म्हातारीनं तर तिला साबणाचा भावच विचारला. ती राबते त्या शाळेत जाताना भेटेल त्याच्या घरच्यांची, शेताची, शेळ्यांची खुशाली विचारावी लागते, त्यामुळे एवढीशी वाट तासभर पुरते. स्वागताला जिवंत कोंबडी मिळाली, ती हिच्या उशीवर अंडी घालते.

आज मात्र हसण्यासारखं नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकाचं पाणी बायका पंपावरून डोक्यावर आणतात. क्रांतीची बादली वाटेतच निम्मी सांडते, बायका हसून हसून खाली बसतात आणि तिच्या वाट्याचं पाणी लहान मुली आणतात. "माझा इथे काही उपयोगच नाही," ती म्हणाली.

'ये निघून' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. तिकीटही पाहून ठेवलं होतं. माझ्या आईनं जन्मभर हंडे वाहिले, कॉलेजात जाईपर्यंत मीही वाहिले. गावाला नळ होता, आमच्या वस्तीला नव्हता. मी शिकले, इथवर आले, ते माझ्या मुलीच्या डोक्यावर हंडा येऊ नये म्हणून. आणि ही बया विमानानं जाऊन तेच डोक्यावर घेते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"दाखव, कशी चालतेस," मी म्हणाले.

ती जिच्या घरी राहते त्या बाईनं, मामा नीमानं, फोन धरला; तिकडे आईला मामा म्हणतात. स्वतःच्या डोक्यावर भरलेली बादली, तरी बाईचा हात जरा हलत नव्हता. क्रांती निघाली. मान वाकडी, नजर पायांशी, खांदे कानाला. माझा जीव वरखाली व्हायला लागला.

"अगं, मान ताठ ठेव. लांब बघ, पायांकडे काय बघतेस? आणि ती चुंबळ आहे की चपाती? कापडाला घट्ट पीळ दे."

"पण कसा?"

मी कप पुसायचा टॉवेल ओढला, पिळून त्याचं वेटोळं केलं, डोक्यावर ठेवलं, त्यावर पाण्याचा काचेचा जग ठेवला आणि हात सोडून फ्रिजपासून खिडकीपर्यंत चालून दाखवलं. कॉफीला आलेला आमचा साहेब दारातच थबकला. "माल्त्साइट," असा जेवणवेळेचा इथला नमस्कार म्हणाला, आणि कॉफी न घेताच परत गेला.

तिकडे क्रांतीनं चुंबळ पुन्हा वळली. पहिल्यांदा थोडं सांडलं. दुसऱ्यांदा ती शाळेच्या दारापर्यंत गेली, थेंबही सांडला नाही. बायकांनी एकच गलका केला. मामा नीमा फोनजवळ तोंड आणून काहीतरी म्हणाली.

"आल्झो... म्हणजे, आई, त्या विचारतायत, तुला इतकं छान येतं, मग मुलीला का नाही शिकवलंस?"

याचं उत्तर माझ्याजवळ वर्षानुवर्षं तयार होतं, अभिमानानं सांगायचं: तिला कधी वाहावं लागू नये म्हणून. पण समोर मामा नीमा होती, आणि तिच्यामागे तिच्या दोन मुली, भरल्या बादल्या घेऊन. त्या बाईला ते कोणत्या तोंडानं सांगणार?

"सांग त्यांना, राहून गेलं," मी म्हणाले.

क्रांतीनं सांगितलं. मामा नीमानं समजल्यासारखी मान हलवली, बादलीसकट.

"मग घरी यायच्या तिकिटाचं काय करू?" मी विचारलं.

"नंतर बघू गं. अजून दोन खेपा राहिल्यात," म्हणत ती पंपाकडे वळली. ताठ मानेनं चाललेली माझी पोर मला बघवत नव्हती, आणि फोनही ठेववत नव्हता.