पान सत्तेचाळीस

"चार पूर्णांक एक? अरे मेल्या, चार पूर्णांक एक कसं येईल?"

नोलीन क्रिप्स संगणकावर खेकसली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. जेवणाची सुट्टी होती आणि बीटचं सँडविच डब्यात तसंच पडलं होतं. समोर नुकतंच छापून आलेलं पुस्तक उघडं होतं, पान सत्तेचाळीस. त्या पानावरचा प्रोग्रॅम तिने अक्षर न् अक्षर बघून यंत्रात उतरवला होता. प्रोग्रॅमच्या खाली छापलं होतं, "हे आकडे घातले तर उत्तर ४.८ मीटर आलं पाहिजे." यंत्र म्हणत होतं ४.१.

तिने पुन्हा टाइप केलं. पुन्हा ४.१.

पुस्तक होतं नद्यांच्या पुराचं. न्यूकॅसलच्या विद्यापीठातल्या लहानशा संशोधन विभागातले डॉक्टर फेअरली प्रोग्रॅम लिहायचे आणि नोलीन ते छपाईसाठी जुळवून द्यायची. किनाऱ्यावरच्या गावांच्या नगरपालिका पुस्तक मागवत, प्रोग्रॅम पानावरून आपल्या यंत्रात टाइप करून घेत आणि पावसाचे, भरतीचे आकडे घालून पाणी कुठवर चढेल ते काढत. साधं पुस्तक जुळवणं निराळं आणि प्रोग्रॅम जुळवणं निराळं. कादंबरीत एक स्वल्पविराम गळला तर कुणाचं काही बिघडत नाही. इथे ओळीआधीची मोकळी जागा हलली तरी वाचणारा फसतो. नोलीन सव्वीस वर्षं हेच करत होती. तिच्या हातून चौदा पुस्तकं गेली आणि चौदाही बिनचूक गेली, याचा तिला चांगला ताठा होता.

त्याला कारण तिची पद्धत. कच्ची छपाई आली की ती घरी न्यायची आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवऱ्याला समोर बसवायची. क्लॅरी पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. प्रोग्रॅम म्हणजे काय हे त्याला आजवर कळलं नव्हतं आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. तो मूळ कागद मोठ्याने वाचायचा, "कंस उघडा, एच, अधिक, टी, कंस बंद," आणि मोकळ्या जागा आल्या की टेबलावर तितक्यांदा बोटाने टकटक करायचा. ती छापील पानावर पेन्सिल फिरवत जायची. मग दुसऱ्या दिवशी कार्यालयात छापील पानावरून सगळं यंत्रात उतरवून बघायचं. दोन्ही झाल्याखेरीज पान छापखान्यात जात नसे.

या खेपेला दोन्ही राहिलं होतं. क्लॅरीच्या हृदयाची शस्त्रक्रिया त्याच आठवड्यात आली आणि पानं छापखान्यात द्यायचाही तोच आठवडा. एवढ्या वर्षांत एकदा नाही बघितलं तर काय होतंय, असं तिने स्वतःला समजावलं होतं. क्लॅरी बरा होऊन घरी आला, पण मनातली टोचणी काही जाईना, म्हणून आज पुस्तक हातात आल्यावर तिने एकेक पान यंत्रात घालून बघायला घेतलं होतं.

चूक सापडायला तिला दहा मिनिटं लागली. प्रोग्रॅममध्ये माणसांसाठी लिहिलेली एक टीप होती. टिपेच्या आधी एक खूण असते. ती दिसली की यंत्र त्या ओळीतलं पुढचं काहीच वाचत नाही. ती टीप लांबलचक होती, पानाच्या कडेबाहेर जात होती, म्हणून नोलीनने तिचे शब्द बारीक करून बसवले होते. त्या खटपटीत खालची ओळ वर सरकून टिपेच्या शेपटीला चिकटली होती. डॉक्टरांनी ठीक लिहिलं होतं. भरतीचं पाणी नदीच्या पाण्यात मिळवायची ती ओळ होती, आणि आता यंत्र तिला टीप समजून सोडून देत होतं.

सत्तर सेंटिमीटर. घराच्या व्हरांड्याच्या चार पायऱ्या.

पुस्तकं गुरुवारी टपालात पडली होती, दोनशे प्रती. त्यातल्या अकरा थेट नदीच्या मुखाशी वसलेल्या गावांना. आणि उत्तरेकडे तीन दिवस पाऊस कोसळत होता.

उत्तर पडताळा असं खाली छापलंय खरं, पण पडताळतं कोण? डॉक्टर फेअरली तर ती ओळ म्हणजे कागदाची नासाडी म्हणत. नोलीनने हट्ट धरला म्हणूनच ती प्रत्येक प्रोग्रॅमखाली आली होती. तिने पत्त्यांची यादी काढली आणि फोन ओढला. पहिल्या तीन गावांत पुस्तक अजून पाकिटातच होतं. चौथं गाव ताराबीन. तिथली नदी काल संध्याकाळीच चढल्याचं सकाळी रेडिओवर सांगत होते.

"ताराबीन नगरपालिका, मर्लीन बोलतेय. पुराचं विचारायचं असेल तर थोडक्यात विचारा."

"मी न्यूकॅसलहून नोलीन क्रिप्स. तुमच्याकडे आमचं पुराचं पुस्तक आलं असेल. पान सत्तेचाळीस—"

"ते होय! बरं झालं बाई तुम्हीच फोन केलात. तुमचं पान सत्तेचाळीस भंगार आहे."

"तुम्ही ते वापरलंत?"

"वापरणार होते की. काल दुपारी बसून सगळं टाइप केलं. खाली लिहिलंय चार पूर्णांक आठ यायला हवं, माझं येतंय चार पूर्णांक एक. दोनदा तपासलं. मग म्हटलं, विद्यापीठातल्या शहाण्यांचंच गणित जुळत नाही तर आपण कशाला त्यांच्या नादी लागा? जुना तक्ता काढला, पेन्सिल घेतली, हातानेच केलं."

"मग? खालच्या रस्त्यावरची घरं?"

"ती माणसं काल दिवसाउजेडीच जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये हलवली. एक म्हातारी कोंबड्यांशिवाय निघेना, तर कोंबड्याही आणल्या. आत्ता पाणी तिच्या खिडकीला लागलंय. अहो? आहात ना? रडताय का?"

"नाही," नोलीन म्हणाली आणि हुंदका आवरता आवरता हसायला लागली. तिचा जीव भांड्यात पडला होता. "चूक माझी आहे हो. पान मी जुळवलं. एक ओळ चिकटली."

"असं होय. मग ती पडताळ्याची ओळ कुणी घातली?"

"तीही मीच."

"मग झाली की फिट्टंफाट," मर्लीन म्हणाली. "ठेवते. कोंबड्या फायलींवर चढल्यात."

उरलेल्या सात ठिकाणी कुणी पुस्तक उघडलंच नव्हतं. नोलीनने प्रत्येकाला पान सत्तेचाळीसवर काट मारायला लावली, आणि मारली का म्हणून फोनवरच विचारून घेतलं. मग सँडविच खाल्लं. बीटच्या रसाने पाव पार भिजला होता, तरी तिने सगळं संपवलं. इतकी भूक तिला महिनाभरात लागली नव्हती.

डॉक्टर फेअरलींनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त भांडणाला भिणारा.

"बुडालं नाही ना कुणी? मग झालं तर. दुरुस्तीची चिठ्ठी छापून पाठवू. 'मुद्रणदोष' म्हणायचं, विषय संपला."

"मुद्रणदोष नाहीये तो, डॉक्टर. छापखान्याच्या बोनेलोंनी मी दिलं तसंच छापलंय. त्या माणसाने कधी एक टिंब हलवलेलं नाही."

"अहो, असं लिहायची रीतच आहे. बोनेलो काही मनाला लावून घेणार नाहीत."

"ते नाही लावून घेणार. मी लावून घेईन."

"नोलीन, तुमच्या घरी काय चाललं होतं हे सगळ्यांना माहीत आहे. कोण बोट दाखवणार आहे तुम्हाला?"

"माझ्या घरचं ताराबीनच्या नदीला माहीत नव्हतं," ती म्हणाली. डॉक्टरांनी हात वर केले.

चिठ्ठी तिने त्याच दुपारी जुळवली. अख्खा प्रोग्रॅम नव्याने, लांब टीप दोन ओळींत तोडून, दोन्ही ओळींना टिपेची खूण लावून. छापून निघालेला कागद पुढ्यात धरून तिने तो यंत्रात उतरवला. ४.८ आलं. नंतर चिठ्ठी घरी नेली. क्लॅरीला जिना चढायची मनाई होती, वाचायची नव्हती. तो खुर्चीत उशांना टेकून शेवटपर्यंत वाचत गेला आणि तळाशी येऊन थांबला.

"इथे तुझं नाव आहे," तो म्हणाला.

"हो."

"चौदा पुस्तकं झाली. एकातही कुणी घातलं नाही ते."

"पुढे वाच ना."

त्याने चष्मा सारखा केला. "'पान सत्तेचाळीसवरील चूक जुळणी करताना झाली. ती माझी आहे. नोलीन क्रिप्स.'" मग त्याने पुन्हा वाचलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, आणि ती छापील नावावर पेन्सिल फिरवत गेली. चूक कुठे नव्हती.