यजमानाची खुर्ची

रविवारच्या दुपारी सिंगापूरच्या बेडोक भागातला तो कॉन्डो पाण्याखाली असल्यासारखा संथ झाला होता. चांगी विमानतळावर उतरणाऱ्या विमानाची सावली स्विमिंग पूलवरून हलकेच सरकली. उल्काच्या खांद्यावर आठ महिन्यांची मैत्रेयी पेंगत होती.

खाली फंक्शन रूममध्ये मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाची बैठक भरली होती. रूम रहिवाशालाच मिळते, म्हणून ती उल्काच्या नावावर. चहा तिचा, आवाजाची तक्रार आली तर गार्डचा फोनही तिलाच. समितीत मात्र तिथलं कुणीच नव्हतं. सिंगापूरच्या पाच भागांतून एकेक प्रतिनिधी यायचा. जिथे गणपती बसतो, त्या वसाहतीला मत नाही, असा मंडळाचा रिवाज.

आज ठरायचं होतं लेझमीच्या तालमींचं. महिनाभर रोज सात ते नऊ, उल्काच्या खिडकीखाली. मैत्रेयी झोपायची सातला. परवाच्या पहिल्याच तालमीला पोर दचकून जी रडायला लागली, ती श्वास अडकेपर्यंत. तेव्हापासून उल्काचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

दाराशी उभ्यानेच तिने विचारलं, जागा बदलता येईल का? अध्यक्ष विश्वास हसले.

"अहो वहिनी, बाप्पा तुमच्या दारात, तुम्हाला आणखी मत कशाला? काय हवं ते आमच्या कानात सांगा की."

हे वाक्य उल्काने कुठेतरी ऐकलं होतं.

तोआ पायोह भागाचे प्रतिनिधी निशिकांतकाका, बँकेतून निवृत्त झालेले, कप खाली ठेवत म्हणाले, "विश्वास, मी नोकरीपायी दिल्लीत बरीच वर्षं काढली. छप्पन्न ते त्र्याण्णव तिथे विधानसभा नव्हती. राजधानी सगळ्या देशाची, मग तिथल्यांना आमदार कशाला? सव्वीस जानेवारीची परेड आमच्या रस्त्यावरून जायची, बरं का! पण त्याच रस्त्यातल्या खड्ड्यासाठी धरायला आमदार नव्हता. नुसता सल्ला देणारी एक परिषद होती. तुझं ते 'कानात सांगा' आहे ना, तेच."

"पण काका, यजमान सगळं आपल्याच सोयीचं करून घेईल."

"सहातलं एक मत! एवढी धास्ती?"

एसीच्या मंद घरघरीत उल्काच्या डोळ्यांपुढे एक सुंदर शहर तरंगत आलं. कमानी, पताका, दूरदूरच्या पाहुण्यांची गर्दी. खिडक्याखिडक्यांत तिथली माणसं उभी. ओठ हलताहेत, आवाज येत नाही. आणि खाली पाहुण्यांत हसत उभी होती ती स्वतःच! तिला आठवलं.

"हा रिवाज माझाच आहे," ती म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी आम्ही तोआ पायोहला राहायचो, मी तिथली प्रतिनिधी होते. 'त्यांच्या दारात गणपती, त्यांना मत कशाला', हे मीच बोलले होते. टाळ्याही पडल्या. इथल्या स्मितावहिनी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन याच दाराशी उभ्या होत्या. त्यांना काय म्हणायचं होतं, मी विचारलंसुद्धा नाही."

विश्वास उठले आणि त्यांनी सहावी खुर्ची ओढली. "बसा, वहिनी. आज चहा मी देतो."

मतदान झालं. जागा बदलायच्या बाजूने दोनच हात, उल्काचा आणि काकांचा. झोपेतच मैत्रेयीची मूठ वर गेली, तशी "ही मोजायची नाही हं," म्हणून विश्वासनी सगळ्यांना हसवलं. पण मग त्यांनीच विचारलं, "ही झोपते किती वाजता?" हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. तालीम शनिवार-रविवार, पाच ते सात अशी ठरली.

वाचकहो, सगळ्यांचा उत्सव ज्याच्या अंगणात होतो, तोही तिथे राहतो, त्याचंही मूल तिथेच झोपतं. मोठेपणाचा शेजार लाभला म्हणून त्याचा आवाज काढून घ्यायचा नसतो. गाव असो की राजधानी, राहणाऱ्याला खुर्ची हवी. तिथे बसून तो हरला तरी चालेल. दाराशी उभा राहता कामा नये.