खडीतलं निळं फूल

धर्मपाल गवई अमरावतीच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. दगड नुसता हातात घेऊन ओळखणारा मास्तर असा त्यांचा लौकिक होता, आणि तो त्यांना आवडायचा.

एकदा भर वर्गात प्रियदर्शनीनं त्यांच्यापुढे रुमाल उलगडला. काळ्या दगडाच्या पोकळीत, पांढऱ्या स्फटिकांवर, सुपारीएवढं गर्द निळं फूल उमललेलं. तिची आई चतुराबाई मूर्तिजापूरजवळच्या खदानीत खडी फोडायची. तिला ते सापडलं होतं.

"मोरचूद आहे," सर म्हणाले. "चिकटवून कोणीतरी तुझ्या आईला बनवलं. खरा नीलम असेल तर चाकूनं ओरखडाही उठणार नाही."

त्यांनी चाकूचं टोक टेकवलं. फुलाचा चुरा झाला. पोरं हसली. प्रियदर्शनीनं रिकामा रुमाल घडी करून ठेवला.

मोरचूद पाण्यात विरघळतं. तेवढं पाहायचीही तसदी सरांनी घेतली नव्हती. दुपारी टेबल पुसताना तो चुरा ओल्या फडक्याला लागला आणि निळा तसाच राहिला. सरांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यांचे कान तापले. कॅव्हन्साइट. लाव्हा थिजताना राहिलेल्या बुडबुड्यांत गरम पाण्यानं घडवलेलं, व्हॅनेडियमनं निळं झालेलं, जगात मोजक्याच ठिकाणी मिळणारं. आणि इतकं ठिसूळ, की त्याला चाकू लावूच नये.

सरांच्या आईनंही रस्त्यावर खडी फोडूनच त्यांना शिकवलं होतं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

रविवारी ते चतुराबाईच्या घरी गेले. झालं ते सांगितलं, हात जोडले. बाईनं पाण्याचा गिलास पुढे केला.

"खोटं म्हनलं ते साऱ्या पोराइसमोर," ती शांतपणे म्हणाली. "अन् खरं सांगाले घरी काहून आले, सर?"

सरांनी गिलास तसाच खाली ठेवला.

सोमवारी त्यांनी हजेरीआधीच चुऱ्याची बाटली टेबलावर ठेवली. "हे खरं होतं. मी न तपासता फोडलं, आणि तुम्हाला हसू दिलं." कोणी हसलं नाही. बाटलीवर त्यांनी चतुराबाईंचं पूर्ण नाव लिहिलं.

तास संपल्यावर प्रियदर्शनी पुढे आली.

"सर, ते पांढरे स्फटिक कशाचे होते?"

"स्टिल्बाइट."

तिनं वहीत लिहून घेतलं. ती जाईपर्यंत सरांची मान वर झाली नाही.