पवनचक्कीचा चौथा ताण

पुंडलिकाच्या तोंडावर पहिला दगड मीच घातला. लाथा नंतर दुसऱ्यानं घातल्या, पण सुरुवात माझी, ह्या कडूबाईची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला बिचारी म्हणायला नको.

पुंडलिक माझा धाकटा दीर. पैठण रोडपासून आत आमचं शेतातलं घर, अन् मध्ये ह्या मेल्याचं रान. तीन वर्षं त्यानं विजेचा खांब आपल्या रानातून जाऊ दिला नाय. "माझ्या छातीत गाडा खांब," म्हणायचा. मी तरी कुठं सोडत होते? रोज बांधावर उभी राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. माझा ऋतुराज मुकुंदवाडीला वेल्डिंगच्या कारखान्यात, तिथंच खोली करून राहायचा. "आई, लाईट आली की खोली सोडतो, घरी येतो," म्हणाला होता. नवरा गेल्यापासून मी त्या घरात भिंतींशी बोलते. मला दुसरं काय पाहिजे होतं? पोरगं घरी पाहिजे होतं, बस.

मग विजेसाठी ऋतुराजनंच पवनचक्की बनवली. तीस फुटी लोखंडी पाइप, टोकाला मोटार अन् पाती. आमची वाट बैलगाडीची, तिथं क्रेन कुठून येणार? म्हणून त्यानं शफीभाईला आणलं, गुलमंडीत दुकानांचे मोठाले बोर्ड चढवणारा माणूस. शफीभाईनं पाइप जमिनीवर आडवा ठेवला, बुडाला बिजागरी बसवली. बुडाशीच एक आखूड खांब उभा केला, पाइपाला बांधलेला दोर त्याच्या डोक्यावरनं घेऊन चेन पुलीला, म्हणजे साखळीच्या कप्पीला, अडकवला. पुली ओढली की आडवा पाइप हळूहळू उभा राहणार. अन् तो कलू नये म्हणून चारी बाजूंना तारेचे ताण, जमिनीत मेखा ठोकून.

तीन मेखा अंगणातल्या मुरमात घट्ट बसल्या. चौथ्या बाजूला नांगरलेलं काळं रान. शफीभाईनं बांधाकडं बोट केलं. "वो देखो, हराळी है. बांध कुणी नांगरत नाय, सगळ्यात पक्की जमीन. तिथं ठोका."



पण तो बांध दोन महिन्यांचा होता. पुंडलिकाचं घर पैठणला लग्नाला गेलं, मी गुडघ्याचं सोंग करून मागं राहिले, अन् तीन दिवस भर उन्हात जुना बांध कुदळीनं फोडून दोन हात त्याच्या रानात सरकवला. वर हराळीचे गड्डे लावले, पाणी शिंपलं. त्यानं दरवर्षी नांगर घालून बोटबोट करत बांध खाल्लाच होता की! मी एकदाच घास घेतला.

"तिथं नको रं," मी म्हणाले.

"का, आई?"

पुंडलिक पलीकडं बाभळीखाली बसून आमच्याकडंच बघत होता. त्याच्यासमोर काय सांगू, कपाळ? "काय नाय," म्हणाले अन् बाजूला सरले.

सत्यम म्हणून ऋतुराजचा कारखान्यातला सोबती आला होता. तो घण घेऊन गेला. चार घावांत मेख गडप. "बघा मावशी, मनगट!" म्हणून हसला. मीही हसले. देवा, हसले मी.

शफीभाई पुली ओढायला लागला. "धीरे, धीरे! झटका नको!" पाइप कमरेएवढा उठला, मग छपराच्याही वर गेला. ऋतुराज बुडाशी बिजागरीवर डोळा ठेवून होता. माझी नजर मात्र मेखेवर. भोवतीची हराळी हलली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात वाऱ्याचं वावधान सुटलं, पाती गरकन फिरली, अन् पुंडलिक बाभळीखालून उठला तो सरळ मेखेकडं पळत सुटला. त्यानं तार दोन्ही हातांनी धरली.

मेख उपटून आली. पाइप दुसऱ्या अंगाला कलंडला अन् ऋतुराजला खाली घेऊनच पडला. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग त्याची किंकाळी.

पुंडलिक बांधावर उभा, हातात तार, पायाशी मेख. "यानं उपटली!" सत्यम ओरडला. अन् मी? सगळं ठाऊक असून माझा हात दगडाकडं गेला. खोटं कशाला बोलू, त्या घडीला मला ते खरंच असायला पाहिजे होतं. दगड तोंडावर बसला. ओठ फाटला, दोन दात मातीत पडले. सत्यमनं त्याला आडवा केला अन् लाथा घातल्या, पोटात, बरगड्यांत. "हाण! जिता सोडू नको!" मी ओरडत होते. तिकडं शफीभाई एकटाच पाइप उचलायला झटत होता. "अरे इधर आओ, लडका दबा है!" कुणी गेलं नाय. मीसुद्धा नाय.

सत्यमनं घण उचलला. पुंडलिकानं तोंड झाकायला हात वर केले, अन् मला ते तळवे दिसले. तारेनं हाडापर्यंत चिरलेले. हा माणूस तार धरून ठेवत होता.

मी घणाखाली आडवी पडले. "थांब! माती माझी हाय! बांध मी सरकवलाय!" कुणाला काही उमजेना. मग मी मेखेच्या खड्ड्यात हात घातला. कोपरापर्यंत गेला. भुसभुशीत माती मुठीनं काढून त्यांच्यापुढं ओतली. हराळीचा गड्डा अलगद हातात आला.

सत्यमनं घण टाकला अन् पाइपाकडं धावला.

पुंडलिक रक्त थुंकला. "वहिनी, लग्नाहून आलो त्याच दिवशी बघितलं होतं मी. सोमवारी मोजणी ठेवली होती, तेव्हा तुम्हाला उघडं पाडणार होतो. म्हणून गप बसलो. मेख हलली तसा जीव राहिला नाय. ऋतू माझ्या खांद्यावर खेळलाय."

शफीभाईच्या लहानशा टेम्पोत ऋतुराजला फळीवर बांधून मागं ठेवला. पुढं एकाच माणसाची जागा. मी पदर खोचून चढायला गेले.

"काकाला बसवा," ऋतुराज म्हणाला. माझ्याकडं बघितलं नाय. "तू राहा, आई. बांध सांभाळ."

त्याचा पाय जुळला, जरा लंगडतो. पुंडलिकानं दवाखान्यातून आल्यावर खांबाला हो म्हणलं, अन् महिनाभरात घरात लाईट आली. ऋतुराजनं मुकुंदवाडीतली खोली सोडली नाय.