हलली!

लातूरबाहेरच्या ज्या माळावर पूर्वी कुसळंसुद्धा नाखुशीनं उगवायची, तिथं आता माणसं उगवू लागली होती. क्लासला आलेली पोरं, पोरांबरोबर आलेल्या आया, आयांबरोबर आलेले कुकर! सकाळी सांगितलेला प्लॉटचा भाव दुपारच्या चहाला शिळा व्हायचा. पानटपरीवाला दलाल झाला, दलाल बिल्डर झाला, आणि बिल्डर पुढं काय झाला हे विचारायला कुणाला सवडच नव्हती.

या धांदलीत पाशामियाँ गवंड्यांनीही आपल्या प्लॉटवर दोन मजले चढवले. खाली-वर पोरी राहायला आल्या. सगळ्यात वरची खिडकीवाली खोली मात्र त्यांनी बायकोसाठी, बानोसाठी, रिकामी ठेवली. पण त्र्याण्णवच्या भूकंपात बानोची धाकटी बहीण कोसळलेल्या माळवदाखाली गेली होती. तेव्हापासून बानोला डोक्यावर पत्र्याशिवाय काही चालत नसे. अंगणातल्या पत्र्याच्या खोलीतच दोघं राहायची.

"मालक पत्र्यात अन् भाडेकरू महालात!" लोक चिडवायचे. पाशामियाँ हसायचे, पण मनाला लागायचं. जिच्यासाठी बांधलं, तिनं एक पायरीही चढू नये?

एक दिवस अर्धापूरच्या सुमनबाई केळीचा घड घेऊन आल्या. सोबत लेक ऋतुजा.

"खोली द्या, भाभी. पोरगी लई हुशार हाय."

"वरची घ्या की," बानो म्हणाली. "रिकामीच हाय."

"ती तुझी हाय ना गं!" पाशामियाँ कळवळले.

"मी काय चढायची न्हाई, अजी. पोरीचं तरी भलं होऊ द्या."

ऋतुजा बानोला खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागली. बानो तिच्यासाठी खिचडी झाकून ठेवायची. डबा मात्र दोरीनं वर जायचा. बारावी झाली, परीक्षा झाली. मेडिकलच्या वेटिंग लिस्टमध्ये ऋतुजाचा नंबर आला आणि तिथंच अडकून बसला. लेकीसोबत राहिलेल्या सुमनबाई केळीच्या कामाला गावी गेल्या, पोरगी लिस्टची वाट बघत वरच थांबली.

आणि एका दुपारी वरून किंकाळी आली, "हलली! हलली!"

लातुरात हा शब्द ओरडायचा नसतो. क्षणात गल्ली रस्त्यावर आली. कुणी टॉवेलात, कुणाच्या तोंडात घास, एक सर तर अर्धं गणित फळ्यावर सोडून धावले. पाशामियाँही पळाले. रस्त्यावर पोचल्यावर वळून बघतात तर बानो नाही! पत्र्याच्या खोलीत नाही, अंगणात नाही.

बानो जिन्यावर होती. दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर चालली होती.

"ऋतुजा! खाली ये गं, पोरी!"

पाशामियाँ धापा टाकत मागे गेले. बानोनं पोरीचं मनगट धरून ओढायला सुरुवात केली होती, आणि पोरगी हसत होती.

"खाला, जमीन न्हाई, लिस्ट हलली! नंबर लागला माझा!"

बानोनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला. मग तिला छातीशी धरून ती ढसाढसा रडली. रडून झाल्यावर तिनं मान वर केली. वर स्लॅब होता. तिनं घाईनं खिडकीची चौकट धरली.

"अजी, हे हलून राहिलंय."

"घर न्हाई हलत, बानो. तुझे पाय हलून राहिलेत."

बानोनं बाहेर पाहिलं. खिडकीतून सगळी वस्ती दिसत होती आणि सगळी वस्ती तिच्याकडं बघत होती. मग ती हळूच खाटेवर टेकली.

"मग पाय थांबेपर्यंत बसते," ती म्हणाली. "चहा वरच आणा."

पाशामियाँना चहा करता येत नव्हता. तरी ते धावतच खाली गेले.