तिपाईचा काढता पाय

मी तिपाई बोलतोय. नाव ऐकून हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मध्येच दात काढू नका. मी स्टूल नाही, कुत्रा आहे. पाय तीन आणि मालक सुतार, म्हणून नाव तिपाई. सुताराच्या घरात नाव ठेवायचं म्हटल्यावर याच्यापुढे कुणाचं डोकं चालणार?

माझं शिक्षण शाळेच्या फाटकापर्यंत. पुढे गेलं की शिपाई दगड उचलतो. पण फाटकाबाहेर पडून पडून एवढं कानावर आलंय की आत पोरं घोकतात, 'कुत्रा इमानी प्राणी आहे. त्याला चार पाय असतात.' वाक्यं दोनच, आणि माझ्या बाबतीत दोन्ही खोटी. पायांचा हिशेब तुमच्यासमोर आहे. इमानाचं म्हणाल तर तरुणपणी जो हाडूक टाकेल त्याच्यामागे मी जायचो.

जन्म एका फुटक्या पाइपात झाला. आई होती तोवर दूध होतं, नंतर दूधही नाही आणि आईही नाही. भावंडं पांगली. त्याचं रडगाणं गात नाही, आमच्यात सगळ्यांचं असंच असतं. हिंडत हिंडत मी सुताराच्या गल्लीत आलो. त्याच्या कारखान्यामागे लाकडाच्या ढलप्यांचा ढीग होता, थंडीत तिथे झोपायचं. ऊन तापलं की टेम्पोच्या सावलीला. मजेत चाललं होतं.

सुतार तसा वाईट माणूस नाही. घायकुतीला आलेला माणूस आहे. त्याचं सगळं काम कालच व्हायला हवं असतं. त्या दुपारीही तसंच. टेम्पोत खुर्च्या लादल्या, मागे न बघता गाडी मागे घेतली, आणि मागच्या चाकापाशी मी झोपलेलो. पुढचं सांगत नाही, लहान पोरं वाचतायत.

तो खाली उतरला. त्यानं मला बघितलं, मी त्याला बघितलं. मग त्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तो टेम्पोत बसला आणि गेला.

मी सापडलो ते शाळेतून येणाऱ्या त्याच्याच पोरीला. तिला घरात पाचर म्हणतात. लाकडाच्या फटीत ठोकून बसवतात ती पाचर. दोन माणसं बोलत असली की ही मध्ये घुसलीच, म्हणून. तिनं असं भोकाड पसरलं की तिची आई पॉलिशचा बोळा हातात तसाच घेऊन धावत आली. मला जुन्या चादरीत गुंडाळून दोघींनी जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं जीव ठेवला, पाय ठेवला नाही.

संध्याकाळी सुतार घरी आला तर दारात मी, पट्ट्या बांधलेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर उंबऱ्यातच येऊन पडलेलं.

"बाबा, बघा ना! ह्याच्यावर कुणीतरी गाडी घातली!" पाचर म्हणाली.

"असेल कुणी ट्रकवाला," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला. फार वेळ धूत होता.

तेव्हापासून त्यानं मला कधी लाथ मारली नाही, पण कधी हातही लावला नाही. ताटातला पहिला घास मात्र माझ्याकडे यायचा, माझ्याकडे न बघता. तुम्ही म्हणाल, तू भुंकलास का नाही? एक तर भुंकून पाय उगवत नाही. दुसरं म्हणजे मला एक गोष्ट ठाऊक होती. ती शेवटी सांगतो.

आता पाचरबद्दल. ही पोरगी बोलायला पटाशीसारखी धारदार, पण लिहायचं म्हटलं की हिच्या पोटात दुखायचं. निबंध असला की हमखास ताप. शाळेतून आली की दप्तर भिरकावून ती बापाच्या कामाच्या टेबलाखाली शिरायची. तिथे ढलप्यांत मी असायचो. वर रंधा चालायचा, खाली हिचं तोंड. जे मनात येईल ते मला सांगायची.

मी काही ज्ञानी श्रोता नाही. आवडलं तर माझा डावा कान उभा राहतो, कंटाळा आला तर जांभई येते. तोंडदेखलं कौतुक मला जमत नाही. मी जांभई दिली की ती म्हणायची, "बरं, हे नको. दुसरं सांगते." मोठी माणसं तिच्या प्रत्येक वाक्याला 'हो का? छान!' म्हणायची आणि दुसरीकडे बघायची. मला वाटतं, तिला माझ्या जांभईवरच जास्त भरवसा होता.

एक दिवस आम्ही असेच टेबलाखाली होतो. आईबाप बाहेर टेम्पोजवळ भांडत होते. शेजारच्या करवतीच्या मशीनपुढे काही ऐकू येत नव्हतं. मशीन थांबलं आणि आईचं शेपटाकडचं बोलणं तेवढं आत आलं.

"...आणि तुम्ही काढता पाय घेतलात! त्या मुक्या जिवाचं काय?"

"हळू बोल," सुतार म्हणाला. "आपलेच दात, आपलेच ओठ."

पाचरनं माझ्याकडे बघितलं. माझा पाय जिथे नव्हता तिथे बघितलं. तिचे तेव्हा दुधाचे दात पडत होते. हलणारा दात काढून घेतात, तसा बाबांनी ह्याचा निघत आलेला, काढता पाय घेतला, असा तिनं अर्थ लावला. लावणारच. सुताराच्या घरात पाय काढतात आणि पाय बसवतात, दिवसभर दुसरं होतं काय?

थोड्याच दिवसांत शाळेच्या बाईंनी फाटकाशी सुताराला गाठलं. मी तिथेच होतो.

"अहो, तुमच्या मुलीनं आज वर्ग लोळवला," बाई हसत म्हणाल्या. "मी विचारलं, 'काढता पाय घेणे' याचा वाक्यात उपयोग करा. ही उठून म्हणते, 'माझ्या बाबांनी आमच्या कुत्र्याचा काढता पाय घेतला.' मी म्हटलं, अगं, घेऊन ठेवला कुठे? तर म्हणे, लावला असेल कुठल्यातरी खुर्चीला!"

सुतार हसला नाही.

"तेवढ्यात घंटा झाली, अर्थ सांगायचा राहूनच गेला. पण मी तिला सांगितलंय, त्या खुर्चीची गोष्ट लिहून आण. डोकं आहे हो पोरीत."

आणि काय सांगू, जिला निबंध म्हटला की ताप चढायचा ती पालथी पडून लिहायला लागली! माझा पाय लागलेली खुर्ची. ती कुठेही ठेवली तरी संध्याकाळी दाराशी जाऊन बसायची. रागीट माणूस बसला तर गुरगुरायची. एकट्या म्हातारीच्या घरी गेली तर तिच्या पायाशी सरकायची. खुर्चीला शेपूट नव्हती तरी ती हलवायची, हे वाक्य ऐकून माझे दोन्ही कान उभे राहिले. आणि प्रत्येक गोष्टीत एक सुतार होता. फार चांगला. कुत्र्याचा पाय दुखत होता म्हणून त्यानं तो घेतला, आणि बरा झाला की परत देणार होता.

हे सगळं ती मोठ्यानं वाचायची. वर रंध्याची लय चुकायची. 'फार चांगला सुतार' आला की पटाशी हातातून सुटायची. मारलेलं एक वेळ सोसतं, पण न केलेल्या चांगुलपणाचं कौतुक सोसत नाही.

शेवटी एका सकाळी तो बायकोला म्हणाला, "वखारवाला राखणीला कुत्रा मागतोय. देऊन टाकू."

"तीन पायांचा राखणदार?" ती म्हणाली. "तुम्हाला तो नको झालाय की त्या गोष्टी?"

तो टेम्पोची किल्ली शोधायला लागला.

वखार मी ओळखतो. तिथे खायला मिळतं, साखळीही असते. पण तिथे कुणी कुणाला काही सांगत नाही. आणि मी गेलो तर पाचर जांभई कुणाची बघणार? मला पहिल्यांदाच भीती वाटली, चाकाखाली वाटली नव्हती एवढी.

सुतारानं मला उचललं. इतक्या काळात पहिल्यांदा हात लावला तो असा. टेम्पोत ठेवलं, तेवढ्यात पाचर धावत आली.

"बाबा, थांबा! त्याला नेताय तर त्याचा पाय पण द्या ना."

"कसला पाय?"

"तुम्ही घेतलेला. कुठल्या खुर्चीला लावलाय? मी कुण्णाला सांगणार नाही. दुखत होता म्हणून घेतलात ना?"

सुतार टेम्पोच्या पायरीवर बसला. हाताला चिकटलेला सरस नखानं खरवडत राहिला.

"पाचर, त्याचा अर्थ सांगितला का गं तुला कुणी?"

"कशाचा?"

"काढता पाय घेणं. त्याचा अर्थ पळून जाणं."

पाचरनं विचार केला. तिच्या कपाळावरची आठी मला दिसत होती.

"मग कोण पळालं?"

"ट्रकवाला नव्हताच," तो खाली बघत म्हणाला. "मीच होतो."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती टेम्पोवर चढली, मला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि एकटीनं खाली उतरवलं. मी काही हलका नाही. सुतार मदतीला उठला, तर तिनं नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो पुन्हा बसला.

वखारीचं नाव पुन्हा निघालं नाही. मी घरी राहिलो, पण गोष्टी गेल्या. पाचर टेबलाखाली यायची, ढलप्या बोटाला गुंडाळायची, सोडायची. मी उगाच कान उभा करून बघायचो. काही नाही. बापाशी बोलायची ते 'हो' आणि 'नाही' एवढंच. खुर्चीच्या गोष्टींचे कागद तिनं सरसाच्या डब्याखाली घातले, डबा डुगडुगतो म्हणून.

मग एकदा तिनं मला वाचून दाखवलं, "एक माणूस होता. त्यानं एक वाईट गोष्ट केली आणि तो पळाला."

माझा कान ताठ. पुढे?

पुढे तिला येईना. वर रंधा थांबला होता. दार समोरच उघडं होतं, सुताराला बाहेर जाता आलं असतं. तो गेला नाही, तसाच उभा राहिला. त्याची पावलं मला दिसत होती. अजूनही रोज ती तेवढंच वाचते आणि अडते. आणि रोज तो रंधा थांबवून पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहतो.

आता ती राहिलेली गोष्ट सांगतो. पट्ट्या बांधलेल्या असतानाच मी एकदा खुरडत त्या जागेवर गेलो होतो. माणसाचं तोंड खोटं बोलतं, जमीन बोलत नाही. तिथे सरसाचा वास होता, त्याच्या घामाचा होता. गुडघे टेकल्याच्या खुणा होत्या. पसरलेलं गोणपाट होतं, सांडलेल्या पाण्याचा डाग होता. तो परत आला होता. तोवर पोरीनं मला नेलं होतं.

मी त्याचा वकील नाही. उशिरा आला तो आला, पाय गेला तो गेला. पण आला होता. हे तो स्वतः सांगत नाही. पळालेल्या माणसानं एवढं तरी गप्प सोसावं, असं त्याला वाटत असेल. आणि मी सांगायला भुंकलो तर पाचर म्हणते, "भूक लागली का रे?"

आता माझ्या डोळ्यांत पडदा आलाय. उरलेले तीन पायही रोज कुरकुरतात. पोरी, तू लाकडाच्या खुर्चीला नसलेली शेपूट हलवायला लावलीस. मग एका माणसाला गल्लीच्या टोकावरून मागे वळवणं तुला काय जड आहे? तू मनानं रचशील, आणि ते खरं निघेल. एकच वाक्य हवंय. लवकर लिही. माझा कान अजून उभा आहे, पण म्हाताऱ्या कानाचा भरवसा धरू नकोस.