शंभरावा मासा

व्हर्नाने मेलेल्या सामन माशाची शेपटी सुरीने खाटकन उडवली आणि धूड काठावरच्या नेच्यांत भिरकावलं. शेपटी तुटकी, म्हणजे मासा मोजून झालेला. पुन्हा मोजायचा नाही.

"अठ्ठ्याण्णव. पाठीवरचा पर आहे."

"अगं, जरा हसून सांग की! सुतक तुला लागलंय का?" वही घेऊन दगडावर बसलेली डेल्फीन म्हणाली.

व्हर्ना हसली नाही. ओढ्याकाठच्या शेडमधल्या टाक्यांत ती सत्तावीस वर्षं सामनची पिल्लं वाढवत आली होती. दर वसंतात प्रत्येक पिल्लाचा पाठीवरचा, शेपटीजवळचा इवलासा पर कात्रीने कापायचा आणि मग ओढ्यात सोडायचं. समुद्रातून अंडी घालायला परतलं की टाकीतलं कोणतं नि ओढ्यातच जन्मलेलं कोणतं, ते त्यावरून कळे. सुरुवातीला जेमतेम डझनभर मासे परतायचे आणि सगळे कापलेले. मग गावाने काठावर झाडं लावली, पूर्वी साफसफाई म्हणून उपसून काढलेले ओंडके गुमान परत ओढ्यात टाकले. आता शरदात मेलेल्या माशांचा वास चर्चपर्यंत जायचा आणि पाद्रीबाबासुद्धा कौतुकाने नाक मुरडायचे.

यंदा गावाने ठरवलं होतं, पहिले शंभर मासे बघायचे. दहापेक्षा जास्त कापलेले निघाले तर शेड चालू. नाहीतर ओढा आपल्या पायावर उभा राहिला म्हणायचं आणि शेडला कुलूप. मग डेल्फीनच्या जमातीच्या लोकांनी, मासे संपत आले म्हणून, चाळीस वर्षांपूर्वी आपणहून गुंडाळलेली जाळी ओढ्याच्या मुखाशी पुन्हा लागणार होती. ठरावाला व्हर्नानेही हात वर केला होता. हात वर करायला काय जातं?

आत्तापर्यंत कापलेले बरोब्बर दहा. नव्व्याण्णवाव्यालाही पर निघाला. डेल्फीन थर्मास काढायला पिशवीत वाकली, तेवढ्यात व्हर्नाने शंभरावा मासा उलटवला. पर शाबूत होता. तिचा हात खिशात गेला, कात्री बाहेर आली, आणि कच्चकन काम झालं.

"शंभर," ती म्हणाली. "कापलेला."

डेल्फीनने येऊन मासा पाहिला. जरा जास्तच वेळ पाहिला.

"चहा घे," ती म्हणाली.

तेवढ्यात व्हर्नाच्या पायाशी पाणी फाडकन उसळलं आणि तिचं तोंड भिजलं. एक जिवंत मादी आडवी होऊन शेपटीने वाळूगोटे उडवत अंड्यांसाठी खळगा करत होती. पर ताठ.

"सरक की, बाई! तिचे दिवस भरलेत आणि तू मध्येच खांबासारखी!"

दोघी खदखदून हसल्या. हसताहसता व्हर्नाचे डोळे भरून आले. या पोरीला तिने दाणाही घातला नव्हता. तिला अभिमान वाटला आणि त्याच वेळी फार वाईटही वाटलं.

"डेल्फीन, तो शंभरावा खोडून टाक. मीच कापला. आत्ता."

डेल्फीनने वही पुढे केली. शंभरापुढची ओळ कोरी होती.

"लिहिलाच नाहीस?"

"लहानपणचा काप कातडीने बुजलेला असतो. हा पांढराफटक, ताजा. तूच शिकवलंयस मला."

"मग बोलली का नाहीस?"

"चहा संपेपर्यंत वाट बघणार होते."

"आणि मी गप्पच राहिले असते तर?"

"तर तू म्हणालीस तेच लिहिलं असतं. आम्ही चाळीस वर्षं थांबलोय. आणखी एक वर्ष थांबलो असतो तुझ्यासाठी."

व्हर्नाने तिच्या हातातलं पेन घेतलं आणि शंभरापुढे स्वतःच लिहिलं : पर होता.

"आता वसंतात मी करू तरी काय?"

"जाळं विणायला ये. आमच्यातही आता कुणाला धड येत नाही. सगळे नवशिकेच आहोत."